गर्भपिशवी काढायची की पॅड बदलायला शिकवायचं?

पत्र असं आलंय, थोडं आटोपशीर करून देतेय:

"ताई, मुलगी साडेचौदा वर्षांची आहे, गतिमंद. दिव्यांग सर्टिफिकेटवर ७५ टक्के आणि आयक्यू ४२ लिहिलंय. फिटची गोळी चालू आहे. तालुक्याच्या स्पेशल शाळेत जाते. आठ महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली आणि तेव्हापासून घरात सगळं अवघड होऊन बसलंय. पॅड काढून फेकते, परवा तर पाहुणे बसलेले असताना वापरलेलं पॅड हातात घेऊन हॉलमध्ये आली. त्या दिवसांत चिडते, स्वतःच्या हाताला चावते. शाळेने सांगितलंय की ते चार दिवस पाठवू नका. सासूबाई शिवाशिव पाळतात. मोठ्या जाऊबाई म्हणतात पिशवीच काढून टाका, त्यांच्या माहेरी एकीची काढली, कटकट मिटली, आणि पुढे काही वाईट घडलं तरी निदान ती भीती नाही. ओळखीचे एक डॉक्टर तयार आहेत. मिस्टर म्हणतात तू ठरव. पुढची पाळी तीन आठवड्यांवर आहे. मला झोप नाही. तिला शिकवून काही येणार आहे का? – एक आई, कराडजवळून"

ताई, आधी एक काम करा, 'तू ठरव' म्हणणाऱ्या मिस्टरांना हे वाचायला द्या, कारण हा काही बायकांचा आपसातला विषय नाहीये, लेक दोघांची आहे.

ऑपरेशन करू नका. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. आणि हो, शिकवून येतं. सगळं नाही येणार कदाचित, पण आत्ता वाटतंय त्यापेक्षा खूप जास्त येईल.

पहिलं म्हणजे ते ७५ टक्के. कितीतरी आईवडिलांना वाटतं की ७५ टक्के म्हणजे मेंदूचा पाऊण भाग गेला, पाव भाग उरला, आता त्या पाव भागात काय बसणार. तसं नसतं हो. सौम्य असेल तर ५०, मध्यम असेल तर ७५, तीव्र असेल तर ९० आणि अतितीव्र असेल तर १०० असे सरकारी हिशोबाचे आकडे ठरलेले आहेत, ते सवलतींसाठी. आयक्यू ३५ ते ४९ मध्ये असला की त्याला मध्यम म्हणतात, तुमची लेक त्यात बसते. तिला पॅड बदलायला येईल का याचं उत्तर त्या कागदावर कुठेच नाहीये.

मग ते कुठे आहे? तर मला माझ्या स्पेशल शाळेतल्या नोकरीत कुणीतरी मार्क गोल्ड नावाच्या अमेरिकन माणसाबद्दल सांगितलं होतं आणि तेव्हापासून मी ते प्रत्येक पालक मीटिंगमध्ये सांगत आले. १९७२ साली त्याने काय केलं, मध्यम आणि तीव्र गतिमंदत्व असलेले, कार्यशाळेत काम करणारे ६४ जण घेतले आणि त्यांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला, सुटे १५ भाग असलेला, जो आपल्यातल्या बऱ्याच जणांना सुद्धा झटकन जमणार नाही. जवळपास सगळे शिकले. आणि त्यातली गंमत अशी की काही जणांना दिलेल्या भागांवर त्याने एका बाजूला लाल रंग लावला होता, भाग बरोबर ठेवला की लाल बाजू आपल्याकडे येते, एवढंच. ज्यांना लाल खूण होती ते लवकर शिकले. त्याचं म्हणणं काय होतं, की शिकणाऱ्याला येत नसेल तर शिकवणाऱ्याने पद्धत बदलायची, 'याला येणारच नाही' म्हणून मोकळं व्हायचं नाही. मला हा सायकलचा ब्रेक फार आवडतो, कारण त्यावरून तुमच्या घरात उद्या सकाळी काय करायचं ते थेट कळतं.

तर चड्ड्या. गडद रंगाच्या घेतल्या असणार तुम्ही, डाग दिसू नये म्हणून, सगळ्याच आया घेतात. शिकण्यापुरत्या फिक्या रंगाच्या घ्या. डाग तिला दिसला पाहिजे ना, दिसल्याशिवाय बदलायचं का ते कसं कळणार. आणि त्या चड्डीवर आतून, पॅड जिथून सुरू होतं आणि जिथे संपतं तिथे लाल दोऱ्याने दोन जाड टाके घाला. पॅडची दोन टोकं दोन लाल रेघांवर. झाला तुमचा ब्रेक.

आता पॅड बदलणं हे आपल्याला एक काम वाटतं पण ते एक नाहीये. कागद घ्या आणि स्वतः बदलताना काय काय करता ते लिहून काढा. पिशवीतून पॅड घेणं, बाथरूममध्ये जाणं, कडी लावणं, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली घेणं, बसणं, जुनं पॅड टोकाला धरून ओढणं, पेपरात गुंडाळणं, बाजूला ठेवणं, स्वतःला धुणं, पुसणं, नव्याचा कागद सोलणं, रेघांवर ठेवणं, दाबणं, चड्डी वर घेणं, कपडे नीट करणं, गुंडाळी डब्यात टाकणं, साबणाने हात धुणं. सतरा झाले बघा, तुमच्याकडे वीस होतील. आम्ही याला टास्क अ‍ॅनालिसिस म्हणतो पण नाव जाऊ दे. यातलं तिला आत्ता काय काय येतंच, त्यावर खूण करा. मी पैजेवर सांगते, पाच-सहा गोष्टी येत असतील. कडी लावता येते की नाही? हात धुता येतात? मग 'तिला काहीच येत नाही' हे वाक्य घरातून काढून टाका.

शिकवायचं शेवटाकडून. म्हणजे सगळं तुम्ही करायचं आणि शेवटची गोष्ट, गुंडाळी डब्यात टाकून हात धुणं, ही फक्त तिने करायची, आणि मग शाबासकी, तिला आवडतं ते गाणं, बिस्कीट, काहीही. ते पक्कं झालं की शेवटून दोन गोष्टी, मग तीन. असं का, तर दर वेळी काम पूर्ण होतं आणि पूर्ण करणारी ती असते. सुरुवातीपासून शिकवायला गेलात तर तिसऱ्या पायरीला अडकते, तुम्ही वैतागता, तुम्ही करून टाकता, आणि ती शिकते काय तर अडकलं की आई करते.

मदत पण कमी कमी करत न्यायची. आधी हाताला हात धरून, मग नुसतं बोट दाखवून, मग नुसता शब्द, मग काहीच नाही, गप्प उभं राहायचं, हे गप्प उभं राहणं सगळ्यात कठीण असतं, मी स्वतः ओठ चावत उभी राहिलेली आहे. आणि शब्द एकच ठेवा. तुम्ही 'बदल' म्हणताय आणि आत्या 'पॅड चेंज कर गं' म्हणतेय आणि शाळेतल्या मावशी 'जा, साफ होऊन ये' म्हणतायत, तर तिच्यासाठी त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

'भरलं की बदल' असं सांगू नका, भरलं म्हणजे किती हे ठरवणं तिला अवघड जाईल. वेळ बांधा. सकाळी उठल्यावर, शाळेत डब्याआधी, घरी आल्यावर, झोपताना. पॅड कोरडं असलं तरी बदलायचं, चार पॅड वाया गेली तर जाऊ देत.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी वर्गात एक मोठी बाहुली आणली होती, तिला चड्डी, तिला पॅड, सगळं साग्रसंगीत. एक मुलगी इतकी सुंदर शिकली, बाहुलीचं पॅड अशी टकाटक बदलायची की मी मुख्याध्यापिकांना बोलावून दाखवलं. आणि दोन दिवसांनी तीच मुलगी मागे एवढा मोठा डाग घेऊन वर्गात आली आणि काय केलं असेल, सरळ जाऊन बाहुलीचं पॅड बदललं. हसू पण आलं आणि रडू पण. नंतर कळलं की १९९० साली अमेरिकेत नेमका याच प्रश्नावर अभ्यास झाला होता, तीव्र गतिमंदत्व असलेल्या बायकांना बाहुलीवर शिकवावं की स्वतःच्या अंगावर, तर स्वतःच्या अंगावर शिकवलेलंच उपयोगी पडतं असं निघालं. आपल्या मुलींना एका जागचं शिकलेलं दुसऱ्या जागी नेणं जड जातं, सगळी मेख तिथे आहे. म्हणून घरच्या बाथरूममध्ये शिकवा आणि शाळेच्या बाथरूममध्ये परत शिकवा आणि मामाच्या घरच्या बाथरूममध्ये पण.

आणि पाळीची वाट बघत बसू नका. महिन्याला पाच दिवस धरले तर वर्षाला साठच दिवस सराव होतो, त्यातही ती त्या दिवसांत दुखण्याने आधीच वैतागलेली, कोण शिकणार तेव्हा. मधल्या दिवसांत कोरडा सराव करा. बीट किसून पिळलं की झक्क रंग येतो, तो पॅडवर टाका, ते घालू द्या, दहा मिनिटांनी बदला. पॅड काढून फेकते म्हणालात ना, ते बहुतेक टोचतंय किंवा सवय नाही म्हणून. आधी नुसतं कोरडं पॅड पाच मिनिटं, गाणं लावून, मग दहा, मग वीस. कंपनी बदलून बघा, मऊ, सुती. जमतच नसेल तर पॅडशिवायच्या पाळीच्या खास चड्ड्या मिळतात हल्ली, त्या घालून बघा, त्यात हरल्यासारखं काही नाही.

पाहुण्यांसमोर पॅड घेऊन आली. ताई, तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार. पण तिच्या बाजूने बघा, काहीतरी झालं, आईला दाखवायला आली, आईला दाखवायचं हेच तर आपण लहानपणापासून शिकवलं. पडलं की दाखव, लागलं की दाखव. आता फक्त कुठे दाखवायचं ते शिकवायचंय. 'बाथरूममधून हाक मार' हे शिकवा, आणि हाक मारली की असाल तशा जा, भाजी करपली तरी. दोन-चार वेळा हाकेला कुणी आलं नाही तर ती परत हॉलमध्ये येईल आणि त्यात चूक तिची नसेल.

सासूबाईंचा मुद्दा नाजूक आहे, मला कळतंय. पण विचार करा, या मुलीला आजीशेजारी जेवायची सवय, देवघरापुढे बसून घंटा वाजवायची सवय, आणि महिन्यातून चार दिवस अचानक सगळे म्हणतात लांब हो, शिवू नको, तिकडे बस. तुम्हाला-मला लहानपणी कारण सांगितलं होतं, पटलं नाही तरी कळलं होतं. तिला कारण कळत नाही, तिला एवढंच कळतं की घर बदललं. ठरलेला दिनक्रम हा या मुलांचा कठडा असतो, तो काढून घेतला की तोल जाणारच. त्या दिवसांत चावते-चिडते त्यातलं थोडं यामुळेही असेल. १९५८ साली इंग्लंडमध्ये जॅक टिझार्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डमध्ये ठेवलेल्या गतिमंद मुलांपैकी १६ जणांना बाहेर काढून एका घरात ठेवलं, लहान गट, ठरलेली माणसं, खेळ, गप्पा, आणि तशाच १६ जणांना तिथेच राहू दिलं. दोन वर्षांनी बोलण्या-समजण्याचं मानसिक वय घरातल्या मुलांचं सरासरी १४ महिन्यांनी वाढलं होतं आणि वॉर्डातल्यांचं ६. म्हणजे मुलं सारखीच, भोवतालचं वागणं वेगळं. सासूबाईंना टिझार्ड सांगून उपयोग नाही, खरंय, त्यांना वेगळं सांगा. सांगा की आई, ही लेकरू आहे, हिच्यापुरतं सोडा. बऱ्याच आज्या सोडतात हो, नातीसाठी जे करतात ते सुनेसाठी कधी केलं नसतं. आणि लाल टाके घालायचं काम त्यांनाच द्या, आपण घातलेले टाके बरोबर वापरले जातायत का हे बघायला त्या दाराशी येऊन उभ्या राहतील.

चावण्याचं दुसरं आणि मोठं कारण, पोट दुखत असणार. ज्यांना 'दुखतंय' म्हणता येत नाही त्यांचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं. कॅलेंडरवर पाळी, चिडचिड आणि फिट, तिन्ही वेगळ्या खुणांनी तीन महिने लिहा. काही जणींना पाळीच्या आसपास फिट वाढतात. हे कॅलेंडर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, त्या ओळखीच्या तयार बसलेल्या डॉक्टरांकडे नको. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा की दुखण्यावर आधीच गोळी द्यायची का, रक्तस्राव जास्त आहे का, थायरॉइड तपासायचं का. फिटची गोळी कोणती ते नावानिशी दाखवा, कारण काही फिटच्या गोळ्यांनी पाळी अनियमित होते आणि काहींमुळे हार्मोनच्या गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोललेलं बरं. शिकवून, औषध देऊनही फारच हाल होत असतील तर पाळी कमी करणारे, पुढे-मागे थांबवता येणारे उपाय आहेत, गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे. डॉक्टर त्याबद्दल सांगतील.

आता जाऊबाई. त्यांच्या पोटात काही वाईट नाही असं धरून चालू. पण पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले, आणि एवढ्या लहान वयात ते ठेवतातच, तर हार्मोन चालूच राहतात. म्हणजे रक्त थांबेल पण चिडचिड, फिट यांचं जे काही हार्मोनशी जोडलेलं आहे ते तसंच राहू शकतं. आणि भूल, टाके, आयुष्यभराचा बदल, कशासाठी, तर महिन्याला वीस पॅड बदलायला नकोत म्हणून? कपड्यात शी होते म्हणून कुणी आतडं काढत नाही, संडासला बसायला शिकवतो.

आणि ते 'वाईट घडलं तरी भीती नाही' हे वाक्य, याचा मला खरंच राग येतो, सॉरी. पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त दिवस जात नाहीत, म्हणजे कळायचा एक मार्ग बंद होतो. करणाऱ्याची सोय होते, मुलीची नाही. तिच्यासाठी करायचं ते वेगळं आहे. शरीराच्या भागांची नावं शिकवा, बाथरूममध्ये तिच्याबरोबर कोण येऊ शकतं ती दोन-तीनच माणसं ठरवा, आणि 'नको' म्हणायला शिकवा, आणि घरात तिच्या 'नको'ला मान द्या, काकाला पापी द्यायला नको म्हणाली तर नको. दिवसभर सगळ्यांचं ऐकायला लावलेली मुलगी व्हॅनवाल्याला नाही कशी म्हणणार? असे प्रकार करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो.

आपल्या महाराष्ट्रात हे आधी होऊन गेलंय. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या गतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलात काढल्या, कारण हेच दिलं, स्वच्छता. महिला संघटना रस्त्यावर आल्या, देशभर गाजलं. त्या मुलींना पॅड बदलायला शिकवायचा खरा प्रयत्न किती झाला होता हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आज कायदा आहे, दिव्यांग हक्क कायदा २०१६, त्याच्या कलम १० मध्ये स्पष्ट लिहिलंय की दिव्यांग व्यक्तीची मोकळी, समजून दिलेली संमती असल्याशिवाय मूल होण्याची शक्ती जाईल असा कोणताही वैद्यकीय उपाय तिच्यावर करायचा नाही. सुप्रीम कोर्टानेही २००९ साली चंदीगडच्या एका गतिमंद तरुणीच्या केसमध्ये तिचं म्हणणं धरलं होतं, तिला मूल हवं होतं आणि सरकारी यंत्रणा गर्भपात करायला निघाली होती. त्या ओळखीच्या डॉक्टरांना कलम १० वाचून दाखवा, बघा किती तयार राहतात ते.

शाळा. चार-पाच दिवस दर महिन्याला घरी म्हणजे वर्षाला जवळजवळ दीड-दोन महिन्यांची शाळा गेली. शाळा तिच्यासाठी करते त्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात पाळीची स्वच्छता हे उद्दिष्ट लिहून घ्या, लेखी अर्ज देऊन. एमडीपीएस किंवा एफएसीपी अशा नावाचा तिचा तपासणी फॉर्म भरलेला असेल, त्याची झेरॉक्स मागा, तिला काय येतं ते त्यात सापडेल. तुमची सतरा पायऱ्यांची यादी बाईंना द्या, तेच शब्द, तीच पिशवी. नाहीच म्हणाले तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात जा, पण आधी बाईंशी चहा प्या, बऱ्याचदा नकार मुख्याध्यापकांचा नसतो, ज्या मदतनीस मावशींना ते काम पडतं त्यांचा असतो आणि त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

अठरा पूर्ण व्हायला साडेतीन वर्षं आहेत. तेव्हा पालकत्वाचा कागद कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून करावा लागतो, नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली, कारण अठरानंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' हा आरोग्य विमा मात्र आत्ताच काढा, वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो आणि ओपीडी पण त्यात येते. बाकी त्यावर वेगळं पत्र लिहा.

किती दिवस लागतील विचाराल तर माझ्या वर्गात एकीला चार महिने लागले, एकीला दीड वर्ष, आणि एक मुलगी सगळं शिकली पण गुंडाळी डब्यात टाकणं शेवटपर्यंत नाही आलं, ती खिडकीत ठेवायची. आई रोज खिडकीतून उचलायची. चाललं त्यांचं.

तुमच्या हातात तीन आठवडे आहेत. या रविवारी फिक्या रंगाच्या सहा चड्ड्या आणा, लाल दोरा घरात असेलच. सोमवारी बीट. भिंतीवर कॅलेंडरशेजारी सतरा पायऱ्यांचा कागद लावा आणि रोज रात्री लिहा, किती तिने स्वतः केल्या, किती शब्दाने, किती हात धरून. पहिल्या पाळीत 'तिने स्वतः' या खात्यात दोनच दिसल्या तरी घाबरू नका. तिसऱ्या पाळीनंतर तो कागद मला पाठवा, मग कुठे अडतंय ते बघू.